लाल-पांढरी वायर

अमरावती
२० ऑक्टोबर २०२४

आरतीस,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण. हे पत्र ललित उद्या सकाळच्या गाडीने अकोल्याला आणेल. नवरा माझा आहे, पण नोकरीसाठी रोज अप-डाऊन करतो आणि ऑफिस सुटल्यावर चहा बहुतेक तुझ्याकडेच पितो. तेव्हा एवढं पोस्टमनचं काम त्याला लावायला काही हरकत नाही. मी फोन करणार नाही. तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे आणि तो तसाच राहणार आहे.

दसऱ्याला वलगावला जे झालं ते तू विसरली असशील. तुला विसरायला जमतं. मी सांगते. बाबांच्या पंच्याहत्तरीचा कार्यक्रम दोन फेब्रुवारीला ठरला, त्यात त्यांच्यावर फिल्म दाखवायची ठरली, आणि बाबांनी दिवाणाखालून त्यांनी शूट केलेल्या जुन्या लग्नांच्या कॅसेटची पेटी ओढून तुझ्या पुढ्यात सरकवली. घशाच्या ऑपरेशनपासून त्यांना बोलता येत नाही, ते मला समजतं. पण बोट दाखवता येतं, आणि ते त्यांनी तुझ्याकडे दाखवलं. आई लगेच म्हणाली, "आरतीपाशी नवी मशीन हाय म्हून तिले देऊन रायले."

मी फक्त एवढंच विचारलं की या घरात व्हिडिओ मिक्सिंगचं काम बाबांनंतर आधी कोण शिकलं. आणि तुला कोणी शिकवलं. तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "ताई, तुझ्या मशीनवर ते धड चालणारही नाही. मोडीत काढ आता तिला." आणि वर हसलीस.

मी भरल्या ताटावरून उठले ते त्यामुळे. डोकं दुखत होतं असं मी आईला सांगितलं होतं, ते खोटं.

आता मजा बघ. परवा ललितसोबत तीच पेटी माझ्या दारात आली. वर तुझी चिठ्ठी. ऑनलाइन मागवलेली वायर लावून पाहिली, चित्र हिरवं येतं, शिवाय कॅसेट फिरवायला आणलेला उसना व्हीसीआर बंद पडला, तर ताई, तुझ्याच मशीनवर ओढून दे. ही चिठ्ठी मी दोनदा वाचली. चष्मा पुसून दोनदा. बाबांचा व्हीसीआर माझ्या टेबलावर आहे, आणि कॅसेटमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये ओढणारं कार्ड माझ्या जुन्या डब्यात आहे. ते कार्ड बसेल अशी खाचच आता नव्या मशीनला नसते. म्हणजे ज्या डब्याला तू मोडीत काढायला निघाली होतीस, त्याच्यावाचून तुझ्या फिल्मची सुरुवातही होत नाही.

ओढून देईन. नाही म्हणणार नाही, कारण काम बाबांचं आहे. पण माझ्या सवडीने देईन.

मशीन बदलायचा माझा नियम तुला तोंडपाठ आहे, कारण माझ्याच शेजारी स्टुलावर बसून तू तो ऐकला आहेस. गिऱ्हाईकाचं काम मशीनपायी अडायला लागलं तर बदलायची. दुसऱ्याची पाहून बदलायची नाही. आणि हातात काम चालू असताना तर अजिबात बदलायची नाही. माझं काम अडलेलं नाही.

आशीर्वाद.

माधवी


अमरावती
११ नोव्हेंबर २०२४

आरतीस,

दिवाळीच्या दिवशी तू आईला फोन केलास आणि तो स्पीकरवर टाकायला लावलास, ते माझ्यासाठी होतं हे मला कळलं. मी तेव्हा अंगणात होते आणि अंगणातच राहिले.

कॅसेट अजून सुरू केल्या नाहीत. तुळशीचं लग्न झालं की सीझन लागेल. अकोटचा तो फोटोग्राफर यंदाही मलाच काम देतो आहे, तुझं पेज त्याने पाहिलेलं असूनही. फक्त त्याने कॅमेरे बदलले. आता सगळं फोरकेमध्ये, म्हणजे चौपट जड येतं, आणि ते माझ्या मशीनवर टाकलं की नवरी एक पाऊल टाकते, थांबते, विचार करते आणि मग एकदम स्टेजवर असते. मधलं सगळं गायब. हे मी तुला सांगते आहे ते तू ललितकडून ऐकण्याआधी सांगते आहे, एवढंच.

तर मी विपुलला बोलावलं. तोच, ज्याने माझा हा डबा जोडून दिला होता आणि ज्याच्याकडून तुझ्या लग्नानंतर तूही पहिली मशीन नेलीस. मी म्हटलं, नवीन मशीन सांग. आरतीच्या वरची. तो म्हणाला, "पयले कुठी अटकते ते तं पाहू द्या, ताई." त्याने एक क्लिप चालू ठेवली आणि बाजूला कोणता भाग किती राबतो ते दाखवणारी आलेखांची खिडकी उघडून बसला. डिस्क पूर्ण भरून धापा टाकत होती, रॅम संपलेली, आणि प्रोसेसर बापडा हातावर हात ठेवून बसलेला. "हे दोन बदलवू. बाकी काढू नोका."

दुसऱ्या दिवशी त्याने नवी एसएसडी डिस्क आणि जास्तीची रॅम टाकली. आरती, मशीन सुसाट पळायला लागली. बटण दाबून मी पदराला हात पुसते तोवर सुरू. फोरकेसाठी त्याने आधी छोट्या कॉप्या करून त्यावर काम करायला शिकवलं, शेवटी मूळ क्लिप आपोआप लागतात. नवरी आता नीट चालते.

आणि मला वाईट वाटलं. खरंच सांगते. मशीन सुधारली आणि मी तोंड पाडून बसले, कारण आता नवी घ्यायला काही कारणच उरलं नव्हतं. मी विपुलला विचारलं, आरती करते का अशा छोट्या कॉप्या. तो म्हणाला, "त्यायलेही कराच लागते." मला वाटतं तो मन राखायला बोलला.

ललितने तुझ्या मशीनचा फोटो काढून आणला होता. मी मागितला नव्हता. एका बाजूने काच, आत निळे-जांभळे दिवे. मी तो मोठा करून करून पाहिला. तुझी खुर्ची मान टेकवायची आहे. पडदे नवे आहेत. मागे भिंतीवर बाबांचा कॅमेरा खांद्यावर घेतलेला फोटो आहे, तो आपल्या वलगावच्या खोलीतला. तो तू कधी नेलास? मला कुणी विचारलंही नाही.

विपुल जाताना म्हणाला, "बदलवाचीच असन तर सीजन संपू द्या, ताई. चालू कामात नोका बदलवू." माझाच नियम तो मला सांगत होता. मी मान हलवली.

माधवी


अमरावती
३० नोव्हेंबर २०२४

आरतीस,

सोबत हार्ड डिस्क आणि पेटी. सगळ्या कॅसेट ओढल्या आहेत. दोन ठिकाणी बुरशीने चित्र फाटतं, तिथे माझा इलाज नाही. पेटी तू सांभाळ, तुझ्याच पुढ्यात सरकवली होती.

कॅसेट ओढताना थांबावं लागतं हे तू विसरली असशील. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, मशीन कितीही महाग असो. म्हणून मी सगळ्या पाहिल्या. भाजी निवडत पाहिल्या, कपड्यांच्या घड्या करत पाहिल्या, आणि नंतर नुसत्याच पाहिल्या.

तू प्रत्येक कॅसेटमध्ये आहेस.

वलगावचं लग्न असो, अकोटचं असो, जिनिंगवाल्यांच्या घरचं ते मोठं असो, नवरदेव घोड्यावरून उतरला की पुढे कोण? तू. पिवळा फ्रॉक, दोन शेंड्या. रुखवत मांडलेलं दाखवतायत, तर लाडवांच्या बुरुजाआडून तू डोकावते आहेस. पंगतीत बुंदी वाढतायत, आणि तू कॅमेऱ्याकडे तोंड करून खाते आहेस. वऱ्हाडी नाचतायत आणि त्यांच्या पायांत तू नाचते आहेस. कौंडण्यपूरच्या यात्रेचं शूटिंग बाबांना मिळालं होतं, तिथेही पाळण्यापेक्षा तूच जास्त. बाबांचा कॅमेरा तुला सोडतच नाही.

मी कुठे होते ते तुला आठवणार नाही. तू पाच-सहा वर्षांची, मी अकरा-बारा. मी हॅलोजन धरून बाबांच्या बाजूला उभी असायचे. त्याची वायर सांभाळायची, तो तापला की हात बदलायचा, आणि बाबा फिरले की आपण फिरायचं. माझ्या कोपरावरचा तो डाग त्याचाच आहे. लाइट धरणारा चित्रात येत नाही, येऊच नये, आला तर काम चुकलं. मी कधी चुकले नाही, त्यामुळे त्या पूर्ण पेटीत मी कुठेच नाही. एका ठिकाणी भिंतीवर सावली आहे, पण तीही माझी असेल असं खात्रीने सांगता येत नाही.

एवढे तास मी कॅसेटमध्ये काय बघत होते विचारशील तर तुलाच बघत होते. तू आलीस की मनात म्हणायचे, आली. आणि तू यायचीसच.

मला वाटायचं मशीन नवी म्हणून बाबांनी पेटी तुला दिली. आता कळलं, मशीनचा काही संबंध नाही. ते तेव्हापासूनचं आहे.

ललितला जेवायला थांबवू नकोस. घरी मी स्वयंपाक केलेला असतो आणि तो तुझ्याकडच्या वांग्याच्या भाजीची तारीफ करत अर्धीच पोळी खातो.

माधवी


अमरावती
१८ डिसेंबर २०२४

आरतीस,

बातमी ललितकडून कळण्याआधी माझ्याकडून घे. मी मशीन बदलली.

काच मीही घेतली. दिवे मीही घेतले. तुझे निळे-जांभळे आहेत, माझे सगळ्या रंगांत फिरतात. ग्राफिक कार्ड तुझ्या पुढचं आहे, विपुलला दोनदा विचारून खात्री केली. तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, की तीन लग्नं अर्धवट असताना हे नका करू. मी म्हटलं, टेबलावरचं सगळं जुनं उचल आणि घेऊन जा, व्हीसीआरसकट. मला ते डोळ्यांसमोर नको. त्याने नेलं.

तीन लग्नांचं काय झालं ते विचारू नकोस. जुन्या मशीनवरचे काही इफेक्ट नव्यात उघडलेच नाहीत, तेवढे पुन्हा बसवावे लागले. झालं ते काम. अकोटच्या फोटोग्राफरला उशीर झाला, तो फक्त "ताई, यंदा पहिल्यांदाच" एवढं म्हणाला.

पण वेग म्हणशील तर काय सांगू. आधी फिल्म रेंडरला लावली की मी स्वयंपाक, झाडलोट, दळण सगळं करून यायचे. आता चहा उकळेपर्यंत फिल्म तयार. उरलेल्या वेळात काय करायचं ते सुचेना, म्हणून तुझं पेज उघडून तुझ्या फिल्म पाहत बसते. ब्लॉक फोनवर केलं आहे, पेजवर नाही. तो नदीकाठचा शॉट चांगला आहे. बाकीच्या ठीक.

आणखी एक. पंच्याहत्तरीला मीही फिल्म करणार आहे. हार्ड डिस्कची कॉपी माझ्याकडे आहेच. त्या दिवशी वलगावला दोन फिल्म लागतील. बाबा दोन्ही बघतील आणि मग बोट दाखवतील.

माधवी


अमरावती
६ जानेवारी २०२५

आरतीस,

एवढी वेगवान मशीन, आणि माझी हार्ड डिस्क उघडायला तुला महिना लागला. सीझन होता म्हणे. सीझन मलाही होता.

आणि उघडल्यावर चिठ्ठी काय, तर "ताई, आवाज कुठे आहे?" माझ्या कामात खोड काढल्याशिवाय तुला चैन पडत नाही. मिक्सिंगमध्ये मूळ आवाज कधीपासून लागायला लागला? मांडवातला आवाज म्हणजे भांड्यांचा, रडणाऱ्या पोरांचा आणि जागेवरून भांडणाऱ्या मामांचा. तो पूर्ण काढायचा आणि वरून गाणी घालायची. वरात असेल तर बँडचं, बिदाई असेल तर रडकं. हे मला बाबांनीच शिकवलं, आणि मी तुला. व्हीसीआरमागे तीन वायरी असतात. पिवळी चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. मी आयुष्यभर पिवळी तेवढी लावली. लाल-पांढरी रबर लावून टेबलामागे गुंडाळून ठेवलेली असायची, ती कधी सोडलीच नाही. कारण कधी लागलीच नाही. यंदाही तसंच केलं. यात माझी काय चूक?

तुझ्या चिठ्ठीची दुसरी ओळ मी आधी नीट वाचली नव्हती. "मला बाबांचा आवाज हवा होता."

*

पुढचं संध्याकाळी लिहिते आहे.

मी उठून पाणी प्यायले. मग बाबांचा आवाज आठवायला बसले. आठवेना. ते काय बोलायचे ते आठवतं. "चाल बेटा", "जेवली का" हे सगळं आठवतं, पण ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. ऑपरेशन होऊन दोनच वर्षं झाली, आरती. दोन वर्षांत गेलासुद्धा. फोनमध्ये त्यांचा एकही व्हिडिओ नाही, कारण कुणी फोन समोर धरला की ते तो आपल्या हातात घेऊन आपलाच व्हिडिओ काढायला लागायचे. आणि कॅसेटमध्ये ते दिसत नाहीत, कारण ते कॅमेऱ्यामागे. मग कॅमेऱ्याच्या सगळ्यात जवळ कुणाचा आवाज असणार?

एवढं साधं. मी त्या सगळ्या कॅसेट आवाजाशिवाय पाहिल्या. एकदाही मनात आलं नाही. मनात दुसरंच होतं, ते पेटीसोबतच्या पत्रात लिहिलंच आहे.

तशीच विपुलच्या दुकानात गेले. माझा जुना सेट दे म्हटलं, व्हीसीआर दे. तो म्हणाला, "त्याच हप्त्यात गेला तो, ताई." कुठे गेला विचारलं तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमध्ये मान घालून बसला. मी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ उभी होते. कबाड्याकडे गेला असेल तर व्हीसीआर आता तुकड्यांत असेल. दुसरा कुठे मिळेल, चालू मिळेल का, आणि मिळाला तरी त्या बुरशीच्या कॅसेट आणखी किती वेळा फिरतील, मला माहीत नाही.

बाबांचा आवाज माझ्या घरातून गेला आहे आणि तो मी स्वतः उचलून द्यायला लावला. तुला जे म्हणायचं असेल ते म्हण.

माधवी


अमरावती
८ जानेवारी २०२५

आरती,

काल ललितने कबूल केलं. मी रडत होते म्हणून केलं, नाहीतर केलं नसतं.

म्हणजे तू त्याला सांगून ठेवलं होतंस की ताई मशीन काढेल त्या दिवशी ती विपुलकडून सोडवायची. म्हणजे माझा डबा, व्हीसीआर, टेबलामागच्या वायरी, सगळं ऑफिसातल्या कुणाच्या गाडीत घालून त्याने तुझ्याकडे पोचवलं, आणि तो डबा जवळपास महिना तुझ्या त्या काचेच्या मशीनशेजारी उभा आहे. म्हणजे तुला ठाऊक होतं की मी बदलणारच. माझे नियम पाठ असूनही ठाऊक होतं.

मला सुटल्यासारखं व्हायला पाहिजे होतं. झालं, पण नंतर. आधी हेच आलं मनात, की माझी जुनी मशीनसुद्धा शेवटी तुझ्याकडेच गेली. ललित म्हणाला, "तिनं सांगितलं, मी त्याच्यावरच शिकली, मले ते पाहिजे."

लाल डाव्या बाजूला लावू नकोस. पांढरी डावी, लाल उजवी. पांढरी थोडी सैल आहे, रबर बँडने ताणून ठेव. आणि प्रत्येक कॅसेट आधी एकदा पुढे-मागे फिरवून घे, मग ओढ. घाई करू नकोस, तुटेल.

माधवी


अमरावती
२६ जानेवारी २०२५

आरती,

हार्ड डिस्क येऊन दहा-बारा दिवस झाले. ललितला रोज विचारायला लावत होतीस, मी रोज "पाहते आहे" सांगत होते. पाहत नव्हते, ऐकत होते.

पहिली अकोटची लावली. नवरदेव घोड्यावरून उतरतो, तू पिवळ्या फ्रॉकमध्ये पुढे येतेस, तेच सगळं. आणि अगदी कानाशी बाबा म्हणतात, "माधे, उजीड वर घे. अजून. हां, बस."

मी खुर्चीत होते ती उठून उभी राहिले. हात वर गेला होता. घरात कुणी नव्हतं ते बरं.

मग सगळ्या कॅसेटभर तेच. "माधे, इकून ये." "माधे, वायर पाह्य." "माधे, हात भाजला का? दे मले, तू पानी पी." पाहुण्यांना मोठ्याने "इकडे पाहा जी, मामाजी," आणि मध्येच हळू आवाजात, "माधे, दमली का?" ते विचारायचे हे मी विसरले होते. भांड्यांच्या आवाजात, बँडच्या आवाजात, सगळीकडे माझं नाव. मी चित्रात नाही, पण मी आहे तिथे.

मग तुझी चिठ्ठी उघडली. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. "ताई, मी प्रत्येक कॅसेटमध्ये आहे आणि प्रत्येक वेळी बाबा मला एकच म्हणतात, बाजूले हो पोरी. मी दिसते तिथे तिथे कान लावून ऐकलं. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलेलं नाही. हाक तुला आहे. मी उगाच नाचत होते."

यावर मला काय वाटलं ते लपवत नाही. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं. त्या दिवशी मी गुणगुणत पोळ्या केल्या आणि ललितने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मशीन छान चालते आहे. लहानपणापासून जे गाठोडं मी उचलून फिरत होते ते तू उचललंस, आणि मला हलकं वाटत होतं.

तरी मी पुढे ऐकत राहिले. आणखी माझं नाव ऐकायला, दुसरं काही नाही. आणि कौंडण्यपूरच्या कॅसेटशी आले. पाळणे, जिलबीची कढई, तू. मग चित्र बिघडतं. बाबांनी कॅमेरा बंद न करता खांद्याला लटकवला, ते नेहमी व्हायचं. नुसते पाय दिसतात. चपला, माती, बैलगाडीचं चाक, कागदाची पुडी. असा भाग आपण कापून फेकतो, त्यात बघायला काही नसतं. नोव्हेंबरमध्ये मी तेव्हा भाजी ढवळायला गेले असेन. तूही तो सोडलास, कारण तू त्यात दिसत नाहीस. मी तुला चित्रात शोधत होते आणि तूही स्वतःला चित्रातच शोधलंस.

त्या पायांच्या चित्रावर बाबांचा आवाज आहे. "माधे, आरती कुठी हाय?"

माझा आवाज, बारीक: "इथंच होती."

"तू इथंच उभी राय. हलू नोको."

मग पाय धावायला लागतात. कॅमेरा त्यांच्या कमरेवर आपटतो, त्याचा आवाज येतो. आणि बाबा ओरडतात. "आरते. ओ आरते." कुणी बाई विचारते, काय झालं जी, आणि ते म्हणतात, "माही पोरगी, बाई, पिवळा फ्राक, इतकुशी हाय." पुन्हा "आरते." पाळणेवाल्याला थांबवायला सांगतात. नदीच्या बाजूला जातात, कारण पायांखाली वाळू येते. तिथे त्यांचा आवाज बदलतो. ऑपरेशनच्या आधी इतकी वर्षं मी तो आवाज ऐकला, पण तसा कधी ऐकला नाही. "आरते, आरते, आरते." किती वेळा ते मी मोजलं नाही. मोजलं असतं तर माझ्या नावाशी ताडून पाहिलं असतं.

मग तुझं रडणं ऐकू येतं, जवळून. त्यांनी तुला उचललं असणार, कारण चित्र काळं होतं, काचेवर तुझा फ्रॉक येतो. त्या काळ्यात श्वास ऐकू येतो आणि तुझं नाव, आता हळू. बराच वेळ. मग टेप संपते.

हे मला आठवतं. तुला नाही आठवणार, तू लहान होतीस आणि घरी कुणी विषय काढला नाही. बाबा तुला खांद्यावर घेऊन परत आले तेव्हा मी तिथेच उभी होते, सांगितलं तशी, हॅलोजन छातीशी धरून.

हा तुकडा मी आठवडाभर मनातच ठेवला. कुणाला कळणार नव्हतं. तू तो कापून टाकलाच असतास, फिल्म झाली असती, आणि कार्यक्रमात सगळ्यांनी "माधे, माधे" ऐकलं असतं. मला ते हवं होतं. अजूनही हवं आहे. हे लिहिताना फार मोठं मन वगैरे झालेलं नाही, जळतंच आहे. बाबा माझ्यासाठी असे कधी धावले नाहीत. मी कधी हरवलेच नाही.

माझी फिल्म मी बंद केली. मशीन बदलायची तर मनात कुणी नसताना बदलावी, एवढं या खेपेला शिकले. जुनी तुझ्याकडेच राहू दे, ती चांगल्या हातात आहे. नवीला इथे कामं आहेत.

दोन तारखेला मी लवकर येते. मांडवात दुपारचं ऊन पडद्यावर येईल, तिकडून कापड बांधावं लागेल, ते मी बघीन. उजेडाचं काम माझं.

तुझा नंबर आज सकाळी उघडला आहे.

आणि तो पायांचा तुकडा फिल्ममध्ये घे. कुठे घ्यायचा ते तू ठरव. चित्र खराब आहे म्हणून कापू नकोस, आणि वरून गाणं घालू नकोस.

आशीर्वाद.

ताई